पाय पुढे करताना

पवित्र गुरुवारी संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. माझ्या एका मैत्रिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी त्या बारांत होते. ती सांगत होती, दुपारपासून न्हाणीघर यांच्याच ताब्यात. वजरीने टाचा घासल्या, नखं कापली, भेगांना व्हॅसलीन चोळलं, ठेवणीतले मोजे काढले. पाय इतके लख्ख करून गेले की फादरांना धुवायला काही उरलंच नाही.

आम्ही दोघी खूप हसलो. घरी आल्यावर मात्र वाटलं, मी तरी काय वेगळं केलं असतं?

नम्रतेवरची प्रवचनं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातून मनात एक चित्र बसलंय: नम्र माणूस म्हणजे वाकणारा, राबणारा, देणारा. हातात घंगाळ आणि कमरेला टॉवेल. त्या चित्रात आपण नेहमी धुणाऱ्याच्या जागी उभे असतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय नीट वाचा. त्या रात्री शिष्यांना पहिल्यांदा धुवायला सांगितलेलं नाही, पाय पुढे करायला सांगितलंय. आणि पेत्राला तेच जमत नाही. गुरूने माझ्या पायांना हात लावायचा, हे त्याला सोसत नाही. ऐकायला ही नम्रताच वाटते, पण येशू त्याचं कौतुक करत नाही. धुऊ दिले नाहीस तर माझ्याशी तुझा काही संबंध नाही, असं त्याला स्पष्ट बजावतो. मग पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला जातो, म्हणतो हात आणि डोकंही धुवा. आधी काहीच नको, नंतर सगळंच हवं. दोन्ही वेळा किती घ्यायचं ते पेत्रच ठरवतोय, हे मला फार उशिरा कळलं.

या लेखात मी एवढंच सांगणार आहे की आपला गर्व देताना क्वचितच पकडला जातो. तो पकडायचा असेल तर घेताना पकडावा. मदत घेताना, चूक ऐकून घेताना, कौतुक घेताना, क्षमा घेताना.

त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. मराठीत ‘अभिमान’ हा शब्द दोन घरचं पाणी भरतो. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली की आईला अभिमान वाटतो, आणि प्रवचनात तोच अभिमान सोडायला सांगतात. त्यामुळे आपल्यातली कितीतरी सरळ माणसं उगाचच अपराधी होऊन बसतात. भाकरी टम्म फुगली, वर्गातला कच्चा मुलगा गणितात पास झाला, नाताळचं गाणं मनासारखं बसलं, याचा आनंद होणं पाप नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवसुद्धा स्वतःचं काम पाहून ते चांगलं आहे म्हणतो. पौलाने करिंथच्या मंडळीला वेगळाच प्रश्न विचारला होता: तुमच्याजवळ असं काय आहे जे तुम्हाला मिळालेलं नाही? आणि मिळालंय, तर न मिळाल्यासारखी मिरवामिरव कशाला?

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशाला, कुणाकडून आलं ते पातेल्याच्या कडेवर कायमचं राहतं. गर्व म्हणजे देणाऱ्याचं कोरलेलं नाव घासून काढून तिथे आपलं घालणं. दानीएलाच्या पुस्तकातला नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फेऱ्या मारताना हेच करतो: हे बाबेल मीच बांधलं ना, असं स्वतःशी म्हणतो. बाबेल खरोखर भव्य होतं. त्याचा डोळा चुकला नाही, हिशेब चुकला. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसाने 1577 साली लिहिलेल्या पुस्तकात नम्रतेचा अर्थ ‘सत्यात चालणं’ असा सांगितलाय. मला ही व्याख्या आवडते, कारण तिच्यात स्वतःला कमी लेखायची सक्ती नाही. आवाज चांगला असेल तर चांगला आहे. फक्त तो आला कुठून, हे विसरायचं नाही.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पायऱ्यांवरून घसरून माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. मी एकटी राहते. आमच्या मंडळीतली एक बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, रोज दुपारी डबा घेऊन यायची. कधी मुगाची उसळ, कधी नुसतं पिठलं-भात. तिची मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून तीही मला ‘बाई’च म्हणते. डबा रिकामा परत करू नये, ही आपली रीत. पहिल्या दिवशी मी डब्यात साखर घातली, दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा. आठवडा संपताना पाचशेची नोट घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने ती नोट टेबलावर ठेवली, वर पाण्याचा पेला ठेवला, उडू नये म्हणून. म्हणाली, “बाई, मी डबा प्रभूच्या नावाने आणते. तुम्ही मला पगार देताय.”

मला राग आला. खरं सांगते, आधी लाज नाही वाटली, राग आला. रात्री झोप लागेना तेव्हा हळूहळू उमगलं. पैसे दिले की ती कामवाली आणि मी बाई, आमच्या जागा जिथल्या तिथे राहत होत्या. फुकट घेतलं असतं तर त्या टेबलाशी आम्ही दोघी सारख्या झालो असतो. मला तेच नको होतं. रिकामा डबा परत न करण्याच्या सुंदर रीतीच्या पदराआड माझा गर्व पस्तीस वर्षांच्या शिक्षकीची साडी नेसून बसला होता.

तेव्हा पहिला धडा मदतीचा. कुणी काही करू का म्हणून विचारलं की आपल्या तोंडून आपोआप निघतं, “नको नको, कशाला उगाच त्रास.” आठवडाभर हे वाक्य बंद ठेवून बघा. “हो, बरं होईल,” एवढंच म्हणा. आणि त्याची परतफेड त्याच आठवड्यात करू नका. ऋण थोडं अंगावर राहू द्या. फार टोचतं, मी अनुभवलंय. विशेषतः ज्याला आपण आपल्यापेक्षा खालचा समजतो त्याच्याकडून घेताना जास्त टोचतं, आणि आपण कुणाकुणाला खालचं समजतो याची यादी त्या टोचण्यातूनच आपल्या हाती येते. एरवी ती आपण स्वतःलाही दाखवत नाही.

कौतुकाचंही तसंच. उपासना संपल्यावर कुणी म्हणतं, आज गाणं छान झालं. आपण लगेच, “छे हो, माझं कसलं गाणं, आज तर घसाच बसला होता.” म्हणजे समोरच्याने आणखी दोनदा म्हणावं. याहून सोवळा प्रकार म्हणजे डोळे मिटून सगळं श्रेय प्रभूला देणं, तेही असं की ऐकणाऱ्याला गाण्याबरोबर आपल्या भक्तीचंही कौतुक करावं लागावं. “बरं वाटलं ऐकून” म्हणा आणि त्यांच्या आईची तब्येत विचारा. प्रभूला श्रेय द्यायचंच असेल तर ते घरी, दार लावून द्यावं. दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टींसाठी मत्तयाच्या सहाव्या अध्यायात हेच सांगितलंय. आणि आपल्याकडे तर पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं. पंखा बंद असेल तेव्हाच वाचता येतं, एवढीच काय ती नम्रता. महिन्यातून एक काम असं करा की ते कुणालाही कळणार नाही, नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. ते सांगायची खाज किती दिवस टिकते ते मोजा.

चूक दाखवली जाते तेव्हा मात्र खरी कसोटी. तुम्ही वाचन केलं आणि कमिटीतल्या एखाद्या तरुणाने सांगितलं की चुकीचा अध्याय वाचलात. आपल्याकडे स्पष्टीकरण तयारच असतं: पाळकसाहेबांनीच तसं लिहून दिलं होतं, चष्मा विसरला होता, माईक खरखरत होता. सगळं खरंही असेल. मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय: त्या दिवशी फक्त प्रश्न विचारायचा, स्पष्टीकरण द्यायचं नाही. “नेमकं कुठे चुकलं?” एवढंच. स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा त्याची गरज उरलेली नसते.

आणि माफी. आपल्या माफीत एक ‘तर’ असतो. “तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.” म्हणजे दुखावलं की नाही हा तुमच्या मनाचा प्रश्न, माझा नाही. हा ‘तर’ काढा, मागून येणारा ‘पण’ही काढा. “मी सगळ्यांसमोर तुला बोलले, माझं चुकलं.” पूर्णविराम. लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा डुकरांजवळ बसून घरी गेल्यावर काय बोलायचं ते जुळवतो, त्यात एकही ‘तर’ नाही. पण त्याच्या वाक्याला एक शेपूट आहे: मला तुमच्या चाकरांतल्या एकासारखं ठेवा. बाप वाटेतच धावत येऊन भेटल्यावर तो बोलायला लागतो आणि ते शेपूट बापाच्या आज्ञांमध्ये बुडून जातं. बाप झगा आणायला सांगतो, अंगठी, जोडे. मला ही जागा माझ्या पाचशेच्या नोटेची आठवण करून देते. चाकरी केली असती तर मुलाने कमावलेलं खाल्लं असतं, मान ताठ राहिली असती. बापाने पगार नाकारला. फुकट मिळालेली क्षमा गिळणं अपराध कबूल करण्यापेक्षा अवघड असतं. क्षमा झाल्यावरही वर्षानुवर्षं स्वतःला कोसत राहणारी माणसं मी पाहिली आहेत. आपण त्यांना फार नम्र समजतो. मला आता तशी खात्री वाटत नाही.

मंडळीच्या कारभाराबद्दल थोडंच सांगते, कारण तिथलं सगळ्यांना ठाऊक आहे. मेजवानीत मागे बसावं म्हणजे यजमान पुढे बोलावील, ही येशूची शिकवण काहीजण युक्ती म्हणून वापरतात. मागच्या बाकावर बसतात आणि पुढून हाक येते का याकडे कान लावून असतात. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक पुढारी आहे. त्याच्याबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे, पण त्याला पहिलं व्हायला आवडायचं हे दोन हजार वर्षं टिकून राहिलंय. कमिटीत एक सोपी गोष्ट करता येते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमात तिसरं प्रकरण सल्लामसलतीवर आहे. महत्त्वाच्या विषयावर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं असं तो सांगतो, कारण जे उत्तम ते देव पुष्कळदा सर्वांत धाकट्याला सुचवतो. पुढच्या बैठकीत सर्वांत लहान सभासदाला सर्वांत आधी बोलायला लावा आणि तो बोलत असताना ज्येष्ठांचे चेहरे पाहा. अर्थात आपलाही.

इथपर्यंत वाचून कुणी हा लेख दुसऱ्याला वाचायला देणार असेल, तर जरा थांबा. सुनेला, कामाच्या माणसाला, प्रश्न विचारणाऱ्या तरुणीला. नम्रतेचा उपदेश नेहमी वरून खाली वाहतो, आणि ते धोक्याचं आहे.

पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहिल्या आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमला शिकताना त्यांचा वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिनशी जो पत्रव्यवहार झाला तो आज छापील उपलब्ध आहे. रमाबाई धर्मतत्त्वांवर स्वतंत्रपणे विचार करत, त्रैक्यावर प्रश्न विचारत, शाकाहार सोडायला तयार नव्हत्या. जेराल्डिनना त्यात गर्व दिसला, अगदी जेवणाच्या ताटातसुद्धा. रमाबाईंनी उत्तर दिलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरं तसंच जोखड मानेवर घ्यायची त्यांची तयारी नाही. कृतज्ञता त्यांनी सोडली नाही, मान मात्र वाकवली नाही. त्या गर्विष्ठ होत्या का? कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई उतारवयात केडगावला बसून हिब्रू-ग्रीकच्या अभ्यासाने बायबलचा मराठी अनुवाद करत होती, आणि तोही अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा सोप्या भाषेत. संस्कृतात भाषणं करणाऱ्या माणसाने संस्कृत शब्द गाळत बसणं म्हणजे काय, हे भाषेचं काम करणाऱ्यांना विचारा. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. ज्यांना त्यांच्यात गर्व दिसला, त्यांनी तो चुकीच्या जागी शोधला होता.

मारणाऱ्या नवऱ्यापुढे गप्प राहणं ही नम्रता नव्हे. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प राहिला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, नाहीतर का मारलंस ते सांग, असं त्याने विचारलं. घंगाळ त्याने स्वतः उचललं होतं, कुणा गुलामाला उचलायला लावून त्याला नम्रतेचे धडे दिले नव्हते. आपल्या मराठी मंडळीला तर हे जास्तच समजायला हवं. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांचे पूर्वज पिढ्यान्पिढ्या सक्तीने वाकवले गेलेले होते. त्यांच्यासाठी ख्रिस्त ही आधी ताठ उभं राहण्याची बातमी होती, वाकण्याची नंतर. आणि तरी आपल्यात आडनाव ऐकून ‘मूळचे कुठले’ असं विचारणारे आहेतच. लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची जी प्रांजळ हकिकत लिहिली आहे, ती एकदा घरात मोठ्याने वाचून पाहावी. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही कुणाच्या हातचं पाणी चालेल आणि कुणाच्या हातचं नाही, याचा घोळ त्या किती दिवस घालत होत्या! तिथेही प्रश्न घेण्याचाच होता. ‘आमच्यात जात नाही’ असं म्हणणाऱ्याने लग्नाच्या बैठकीत आपण काय विचारतो ते आठवावं.

हे सगळं करू लागलात की एक नवा त्रास सुरू होईल. आपण नम्र होतोय याचं बरं वाटू लागेल. घाबरू नका, हा रोग जुना आहे. पाचव्या शतकातल्या योहान कासियानने अशा पोकळ प्रतिष्ठेला कांद्याची उपमा दिली होती: एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. शेवटचा पापुद्रा शोधत बसू नये. कांदा सोलताना डोळ्यांत पाणी येतं, ते पुसावं आणि स्वयंपाकाला लागावं. मी या लेखात माझ्या गर्वाची गोष्ट सांगितली तेव्हा तुम्हाला मी प्रामाणिक वाटावी असं मला वाटत होतंच. आपल्या साक्ष देण्याच्या सभांतही हेच होतं; काहीजण जुनी पापं इतक्या चवीने सांगतात की ऐकणाऱ्याला आपलं आयुष्य फिकं वाटू लागतं.

शेवटी फिलिप्पै. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत खाली उतरला, असं सांगणारा नम्रतेवरचा सर्वांत मोठा उतारा पौलाने ज्या मंडळीला लिहिला, ती या गावची. हे रोमी वसाहतीचं गाव, रोमी नागरिकत्वाचा तोरा मिरवणारं. त्या काळच्या ग्रीक कानांना नम्रतेचा शब्द गुणाचा वाटतच नसे. हलक्या, लाचार माणसाचा वाटे. अशा गावात पौल आणि सीला पहिल्यांदा आले तेव्हा काय झालं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. चौकशी न करता अधिकाऱ्यांनी दोघांना छड्यांनी फोडून काढलं आणि तुरुंगात टाकलं. रात्री भूकंप झाला. दारं उघडली, पण कुणी पळालं नाही, आणि तुरुंगाच्या नायकाचं मन पालटलं. त्याच रात्री त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवायला वाढलं. काही तासांपूर्वी याच माणसाने त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. पौल नको म्हणाला नाही. जखमा धुऊ दिल्या. वाढलं ते खाल्लं.

सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला: यांना सोडून द्या. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला सगळ्यांसमोर मारलं आणि आता गुपचूप घालवतात? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं.

ते आले, विनवण्या करू लागले. मग पौल उठला, सीलाला घेऊन लुदिया नावाच्या तिथल्याच एका विश्वासी बाईच्या घरी गेला, तिथल्या लोकांना भेटला आणि पुढच्या वाटेला लागला.